मी जिभेला लावलं नाही

११ सप्टेंबर, सोमवार

अकरा दिवस. मग एक सही. बस्स, तेवढंच हवंय.

गेल्या वर्षी सर्जरीच्या वॉर्डातून प्रात्यक्षिकाच्या वहीत सही मिळाली नाही. शेरा काय, तर ‘हात थरथरतात.’ दोन शब्द आणि अख्खं वर्ष पाण्यात! ह्या वेळीही तसंच झालं तर नर्सिंग कॉलेज नावच काढून टाकतं. नियम आहे. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

मला मिळाल्यात ल्युबिन्का सिस्टर. एकतीस वर्षं हेच आरोग्य केंद्र, ह्याच टेकड्या. केंद्रात कमी, गाडीतच जास्त. गावोगाव, घरोघर, बाळंतिणी, म्हातारी माणसं, साखरवाले, जखमावाले. उंची एवढीशी, गाडी चालवताना खाली दोन उशा घेतात. पण घरात शिरल्या की घरातले उंच उंच पुरुष उठून उभे राहतात.

मला बघून पहिलं वाक्य, “रडतेस का?”

“नाही, सिस्टर.”

“मग डोळे असे का?”

“जन्मापासून असेच आहेत.”

हसल्या! निदान हसल्या तरी.

पाच घरं झाली. पहिल्याच घरी रक्तदाबाचा पट्टा उलटा बांधला. तो म्हातारा म्हणाला, “बाई, माझा हात ह्या बाजूने सुरू होतो.” सगळं घर हसलं. मीही हसले आणि पट्टा सोडून पुन्हा बांधला. प्रत्येक घरी कॉफी, चमचाभर गोड आणि पेलाभर पाणी. नाही म्हणता येत नाही. साखरवाल्यांच्या घरीसुद्धा! आपल्याला देतात आणि स्वतः आपल्या तोंडाकडे बघत बसतात.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज काही चुकलं नाही. म्हणजे मला कळलेलं तरी नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

साखर मोजायचं एक जुनं मशीन सिस्टरांनी मला दिलं, सरावासाठी. “रविवारी घरी जाशील तेव्हा आईची बोटं टोच. माझ्या म्हाताऱ्यांवर शिकू नकोस.” मी मान हलवली. वाईट वाटलं, पण बरोबरच आहे त्यांचं.

एक मात्र शिकले. सिस्टर घरात आल्या की आधी चूल बघतात, मग माणूस. कशावर काय शिजतंय ते बघून पेशंट काय खोटं बोलणार हे त्यांना आधीच कळतं म्हणे. “सगळे खोटं बोलतात गं. साखरवाले तर जास्तच. आपण फक्त रागवायचं आणि औषध वाढवायचं.”

१४ सप्टेंबर, गुरुवार

आजचं नीट लिहायचंय. आज माझा हात थरथरला नाही!

लिपोव्याक गाव. स्तामेना आजी, वय अठ्ठ्याहत्तर, नऊ वर्षं इन्सुलिन घेतात. अंगणात भली मोठी तांब्याची कढई आणि तिच्यात आलुबुखार रटरटताहेत. पेकमेझ चाललंय. साखर घालत नाहीत, नुसतंच फळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत ढवळायचं, काळं कुळकुळीत होईपर्यंत. आजींची सून राद्मिला आणि शेजारची कोसाना टोपल्या घेऊन बसलेल्या, बिया काढत. आजी एकदा बिया काढायला बसतात, एकदा ढवळायचं लाकडी वल्हं हातात घेतात. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत जांभळे.

नऊ वर्षांत आजींनी पेकमेझ चाखलेलं नाही. वल्ह्यावरून थेंब कसा सुटतो ते बघून त्या सांगतात, झालं की नाही झालं. त्यांनी ‘उतरवा’ म्हटल्याशिवाय इथे कोणी कढई उतरवत नाही. इतर घरची माणसंही त्यांना बोलावून नेतात. हे मला कोसानाने सांगितलं, आणि आजी ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. पण वल्हं जरा जास्तच ऐटीत फिरायला लागलं.

सिस्टर आत खिडकीशी कागद भरायला बसल्या. मला म्हणाल्या, “तू टोच. मी आहे इथे.”

पिशवीत पुसायचे बोळे नाहीत! सकाळी भरायचे होते, मी विसरले. आजी म्हणाल्या, “राकिया आण गं राद्मिला. तुमच्या औषधापेक्षा कडक दारू आहे, माझ्याच हातची.” मी खिडकीकडे बघितलं. सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, “चालतं गं. इथे सगळं तिनेच पुसतात.” आजींनी बोट एप्रनला पुसलं, मी राकियाच्या कापसाने पुसलं आणि टोचलं. एका झटक्यात. हात स्थिर!

तेवीस पूर्णांक आठ.

धडधाकट माणसाची साखर पाच-सहा, आजींची सात-आठ असते, कार्डावर नऊ वर्षं तेच आहे. मला वाटलं मशीन बिघडलं. सिस्टर बाहेर आल्या, आकडा बघितला, कढई बघितली, आजींकडे बघितलं.

“स्तामेना, किती चमचे?”

“कसले चमचे?”

“मला शिकवतेस? चोवीस आहे! चोवीस!”

“मी जिभेला लावलं नाही.”

“नाही? मग काय वासाने चढली?”

कोसाना हसली. राद्मिला हसली नाही. हात पुसत उठली. “आई, नऊ वर्षं मी वेगळी भांडी लावते, वेगळं शिजवते. आणि तुम्ही माझ्या पाठीमागे—”

“मी जिभेला लावलं नाही,” आजी पुन्हा म्हणाल्या. ह्या वेळी हळू. आणि माझ्याकडे बघितलं. का कोण जाणे, माझ्याचकडे.

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. सहा युनिट आत्ता जास्तीचं, आणि उद्यापासून दोन्ही वेळेला चार-चार वाढवायचं. “आणि ते वल्हं काढून घ्या हिच्याकडून. मांजराला दुधाशी बसवलंय तुम्ही!” राद्मिलाने वल्हं घेतलं. आजींनी सोडलं. तशाच घरात निघून गेल्या.

गाडीत सिस्टर म्हणाल्या, “छान टोचलंस.” पहिली शाबासकी! मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

स्तामेना आजी पडल्या.

सकाळी आठला राद्मिलाचा फोन. काल आम्ही गेल्यावर आजी जेवल्याच नाहीत. “चोर आहे ना मी? मग चोराला जेवण कशाला?” असं म्हणून ताट सरकवलं. चारच्या सुमाराला अंगणात आल्या. घाम, कापरं, बोलणं अडखळलेलं. राद्मिलाला वाटलं, राग. कढईशी येऊन म्हणाल्या, “झालंय, उतरवा,” आणि तिथेच कोसळल्या. डावा हात कढईत गेला.

रुग्णवाहिका आली तेव्हा साखर दोन पूर्णांक एक. शिरेतून ग्लुकोज दिलं, शुद्धीवर आल्या. हात बोटांपासून कोपरापर्यंत भाजलाय; पट्टी करून रात्रीच घरी सोडलं. पेकमेझ पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून बसतं आणि भाजत राहतं.

डॉक्टर म्हणाले, औषध बरोबर, बाई हट्टी. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिली तर दुसरं काय होणार? वाढवलेला डोस तसाच ठेवायचा, पण वेळेवर जेवायचं.

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मग दिवसभर घास का उतरला नाही?

१६ सप्टेंबर, शनिवार

जखमेला सुट्टी नसते, म्हणून आजही गेलो. पट्टी मी बदलली, सिस्टर बाजूला उभ्या होत्या. आजी हू की चू करत नाहीत. एकदाच विचारलं, “तुझा आकडा चुकू शकतो का?”

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “मशीन खोटं बोलत नाही, स्तामेना.”

“म्हणजे मी बोलते.”

राद्मिला दारातून म्हणाली, “मला एवढंच म्हणायचंय आई, मागितलं असतं तर एक चमचा मीच दिला असता.” आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

१७ सप्टेंबर, रविवार. घरी

देवा. देवा, देवा.

क्रमाने लिहिते.

सकाळी आले तर आई पडवीत आलुबुखार घेऊन बसलेली. मीही बसले. दोन टोपल्या झाल्या. आई म्हणाली, तुझं ते मशीन दाखव की. म्हटलं चल, तुझ्यापासून सुरुवात. तिने बोट एप्रनला पुसलं, मी स्पिरिटने पुसलं. अगदी नियमाप्रमाणे. टोचलं.

अठरा पूर्णांक दोन.

आईची बोबडीच वळली. “म्हणजे मला साखर झाली? नेवेना! अठरा म्हणजे किती?” मी म्हटलं थांब, थांब, आणि माझं बोट टोचलं. सोळा पूर्णांक नऊ. माझी साखर सोळा! मी तेवीस वर्षांची आहे, सकाळपासून एक पाव खाल्लाय!

बराच वेळ मी हातांकडे बघत बसले. मग उठले, नळाखाली साबणाने धुतले, कोपरापर्यंत, तीनदा. पुसले. दुसरं बोट.

पाच पूर्णांक एक.

आईचेही हात धुतले. पाच पूर्णांक सहा.

आई हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती. “मेले असते गं भीतीने! म्हणजे सगळं बोटावरच होतं, आत काहीच नाही!” मला हसू येईना. पहिल्या वर्षी, पहिल्याच धड्यात आहे, हात साबणाने आणि पाण्याने धुवायला लावा. मी परीक्षेत लिहिलंय, मार्क घेतलेत! पण अंगणात सगळे उभे, राकिया पुढे केलेली, सिस्टर म्हणतात चालतं. आणि मी फक्त एकाच गोष्टीकडे बघत होते. माझा हात थरथरतोय का.

स्तामेना आजींनी जिभेला लावलं नव्हतं.

आईला सांगितलं नाही. सही नाही मिळाली तर नाव जातं, हे तिला आधी सांगावं लागलं असतं.

१८ सप्टेंबर, सोमवार

सांगणार होते. गाडीत, गेटपाशी, पट्टी सोडताना. तीनदा तोंड उघडलं.

आज आजींची साखर मोजायची होती. त्यांच्या हाताला आता फळ लागत नाही, उजवा हात स्वच्छ होता. तरी मी म्हटलं, “आजी, आधी हात धुवा.” सिस्टरांनी भुवई उंचावली. चार पूर्णांक शून्य.

“बघा!” सिस्टर खूश. “रागावलं की उतरते. चाखणं बंद, साखर खाली. एकतीस वर्षं हेच बघतेय मी. आलुबुखार आले की चढणार, आपण ओरडलो की उतरणार.”

मला ओरडावंसं वाटत होतं! उतरली कारण ती चढलीच नव्हती. आणि वाढवलेला डोस अजून चालूच आहे. चार आहे, उद्या तीन होईल. आजी एक जेवण चुकवतील आणि पुन्हा पडतील. ह्या वेळी कढई नसेल, जिना असेल.

आणि मी काय केलं? पट्टी बांधली. नीट, सरळ, एकही सुरकुती नाही. स्वतःचीच किळस आली.

राद्मिलाला तेवढं हळूच म्हटलं, आजींना संध्याकाळी नीट जेवू घाला, झोपायच्या आधी दूध-पाव द्या. ती म्हणाली, “माझ्या हातचं त्या घेत नाहीत आता. कोसानाकडून आणवते.”

एकाच घरातलं जेवण कुंपणापलीकडून येतंय. माझ्यामुळे.

१९ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं.

आईने दिलेली आलुबुखारांची पिशवी सोबत नेली होती. लिपोव्याकच्या आधी जी वळणं लागतात, तिथे म्हटलं, “सिस्टर, गाडी थांबवा.” त्यांना वाटलं मला उलटी होतेय. थांबवली. मी एक फळ फोडलं आणि म्हटलं, “हे हातात चोळा.”

“वेडबीड लागलं का तुला?”

“चोळा, सिस्टर. मग बोट द्या.”

त्यांनी चोळलं. मी स्पिरिटने पुसलं, टोचलं. एकोणीस पूर्णांक चार. मग बाटलीतलं पाणी आणि साबणाची वडी, तीही आणली होती. धुतले. पाच पूर्णांक आठ.

दोन्ही आकडे त्यांच्या पुढ्यात धरले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. बोळे मी विसरले, हात धुवायला मी सांगितलं नाही, आजींनी चाखलं नव्हतं, डोस जास्त आहे, तो आजच्या आज कमी करायला हवा. रविवारपासून मला माहीत आहे आणि काल मी गप्प बसले.

वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! सिस्टर नुसत्या आपल्या बोटाकडे बघत होत्या. मागून ट्रॅक्टर आला, त्याने भोंगा वाजवला, तरी हलल्या नाहीत.

मग डॉक्टरांना फोन केला. आवाज अगदी कोरडा. “गुरुवारचा आकडा चुकीचा होता. हो, खात्री आहे. मी स्वतः बघितलं.” डोस पूर्वीचाच झाला. मग राद्मिलाला फोन, आज संध्याकाळपासून जुनं माप.

एवढं तरी झालं. आजी आता पडणार नाहीत. ही एक ओळ मी दोनदा वाचली.

बाकी सगळ्या रस्त्याने सिस्टर माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

२० सप्टेंबर, बुधवार

मला नेलं नाही. “तू आज केंद्रातच थांब.” दिवसभर गॉजच्या घड्या घातल्या. चारशे बारा. मोजायचं कारण नव्हतं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आजही नाही नेलं.

दुपारी कागदांच्या खोलीत गेले तर सिस्टर जमिनीवर बसलेल्या. भोवती वह्या, जुन्या, कडा पिवळ्या पडलेल्या, प्रत्येकीवर वर्ष लिहिलेलं. मला बघितल्यावर एक वही छातीशी धरून मिटली. “काय हवंय?”

“काही नाही, सिस्टर.”

“मग जा.”

माझ्यावर तक्रार लिहिताहेत. नाहीतर काय! एकतीस वर्षांत असं कुठल्या पोरीने केलं नाही, हे दाखवायला जुन्या वह्या चाळताहेत. संपलं. आईला काय सांगू? चूक कबूल केली म्हणून नाव गेलं, असं सांगू? का आधी लपवली म्हणून?

तरी पट्टी बदलायला आजींकडे आज कोण गेलं असेल, हेच डोक्यात येत राहिलं. सही राहू दे बाजूला, आजींना अजून कोणी सांगितलेलंच नाही! डॉक्टरांना सांगितलं, डोस उतरवला, कागद झाले. त्या मात्र अजून भिंतीकडे तोंड करून चोर आहेत.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ठरवून गेले. म्हटलं, “सिस्टर, सही द्या, नका देऊ. मला लिपोव्याकला जायचंय. तुम्ही नेलं नाहीत तर मी बसने जाईन.”

हे मी बोलले? मीच बोलले.

सिस्टरांनी चाव्या उचलल्या. “चल.”

अंगणात कढई पालथी घातलेली, पेकमेझ बरण्यांत गेलेलं. आजी बाकावर, हात पट्टीत. राद्मिला कपडे वाळत घालत होती. मी मधे जाऊन उभी राहिले. काय काय पाठ केलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, “आजी, तुम्ही चाखलं नव्हतं. बोटाला रस होता. मी हात धुवायला लावले नाहीत, म्हणून आकडा चुकला. तुम्ही खरं बोलत होता.”

आजी बघत राहिल्या.

“चूक तिची एकटीची नाही,” मागून सिस्टर म्हणाल्या. “मी खिडकीत बसले होते. आणि ओरडले मी.”

राद्मिलाच्या हातातली चादर खाली पडली. आजींनी तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडेच बघत होत्या. “कधी कळलं तुला?”

“रविवारी.”

“आज काय आहे?”

“शुक्रवार.”

“पाच दिवस! अगं पेकमेझसुद्धा एका दिवसात होतं.”

मला रडूच कोसळलं. आजी म्हणाल्या, “रड नंतर. आधी कोसानाला सांग. ती जास्त हसली होती.” मी कुंपणाशी गेले, कोसानाला सांगितलं. मग म्हणाल्या, “आता खालच्या घरी. तिथेही पोचलंय.” खालच्या घरीही गेले. तिथल्या बाईने कॉफी ठेवली, गोड पुढे केलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, तोंडात चमचा धरून!

परत आले तेव्हा राद्मिला बाकावर आजींच्या शेजारी बसली होती. राद्मिला त्यांना सूप भरवत होती आणि आजी खात होत्या. उजवा हात धडधाकट आहे, भरवायची गरज नव्हती. तरी खात होत्या.

मला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी ये. वल्हं धरायला शिकवते. हात बरे आहेत तुझे.”

पट्टी बदलली. भाजलेलं भरून येतंय, पण डाग राहणार. आयुष्यभर राहणार. तो बघून मला काय वाटतं ते इथे लिहिता येत नाही.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगून टाकलं, नियमासकट. ती म्हणाली, “मग तर तू आणखी बावळट, एकटीच घाबरत बसलीस.”

सहीचं मात्र कोणीच काही बोललं नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

सही मिळाली. शेरा: ‘हिला विचारा.’ एवढंच.

प्रात्यक्षिकाची वही मला दिली, पण हातातून सोडली नाही. म्हणाल्या, “द्राक्षांनीही असंच होतं का गं?”

होतं, म्हटलं. कुठल्याही गोड फळाने होतं.

मान हलवली. कागदांच्या खोलीतली ती एक वही टेबलावर होती. २०११, ऑक्टोबरचं पान उघडलेलं. “माझी आई. दिवसभर द्राक्षं खुडत होती. सत्तावीस आली. संध्याकाळचं इन्सुलिन मीच वाढवून दिलं. सकाळी उठली नाही. वय झालं होतं, असं सगळेच म्हणाले.” मग ती जुनी वही मिटली. “सारखी म्हणत होती, ल्युबो, एक मणी तोंडात टाकला नाही. मी म्हटलं, आई, खोटं बोलू नकोस.”